ओवाळणीची पिशवी आणि न येणारी बस

वसुबारस जवळ आली की सोलापुरातील मध्यमवर्गीय घरांमध्ये एक यादी होऊ लागते. पाडव्याला काय, भाऊबीजेला कोणाकोणाकडून ओवाळून घ्यायचे, नव्या जावयाच्या पहिल्या दिवाळसणाला काय द्यायचे, धुणेभांडी करणाऱ्या मावशींना, वृत्तपत्र टाकणाऱ्या मुलाला, सोसायटीच्या पहारेकऱ्याला दिवाळीची पोस्त म्हणून हातावर काय ठेवायचे. यादी लांबत जाते आणि हातात असलेली रक्कम तेवढीच राहते. मग कोणीतरी भ्रमणध्वनी उघडतो. तेथे महाबचतीचे फलक झळकत असतात, वस्तू दोन दिवसांत दारात येणार असते आणि घराबाहेर पाऊल टाकण्याचे कारण उरत नाही. अर्ध्या तासात यादी संपते. नगरच्या बहिणीला पाठवलेली वस्तू हरियाणातल्या एखाद्या गोदामातून निघते, तिचे वेष्टन कुठे, बिल कुठे. आणि ज्या गावात भाऊ राहतो त्या गावाचा त्या भेटीशी काडीचाही संबंध राहत नाही.

हे गाव साधे नाही. ज्या गावाच्या नावानेच एक वस्तू देशभर ओळखली जाते, अशी गावे महाराष्ट्रात किती? पैठणची पैठणी, कोल्हापूरची चप्पल आणि सोलापूरची चादर. मराठी माणूस दिल्लीला असो की इंदूरला, त्याच्या घरातील बिछान्याच्या कपाटात तळाशी एक तरी सोलापुरी चादर सापडते आणि ती बहुधा कोणत्यातरी लग्नात, कोणत्यातरी दिवाळीत कोणीतरी दिलेली असते. म्हणजे ही चादर मुळातच भेट म्हणून देशभर गेली. सर्वसामान्य माणसाला परवडेल, वर्षानुवर्षे टिकेल आणि देणाऱ्याची आठवण रोज रात्री अंगावर पांघरता येईल, अशी दुसरी वस्तू शोधूनही मिळणार नाही. आणि नेमके सोलापूरकरच आता भेटवस्तू बाहेरून मागवू लागले आहेत!

ही चादर या गावात कशी आली, याचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. १८६० साली लोहमार्ग सोलापूरला पोहोचला. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल, म्हणजे आजही सोलापूरकर जिला ‘जुनी मिल’ म्हणतात ती गिरणी सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी आली, विष्णू आली, लक्ष्मी आली. गिरणीच्या भोंग्यावर या गावाचे घड्याळ चाले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात आपले माग मांडले आणि तेलुगू बोलत बोलत हे लोक अस्सल सोलापूरकर झाले. मे १९३० मध्ये ज्या गावाने इंग्रजी सत्तेला असे हादरवले की तेथे लष्करी कायदा पुकारावा लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी ज्याचे चार सुपुत्र येरवड्याला फासावर गेले, ते हे गिरणगाव. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. त्या चौघांचे पुतळे आजही शहराच्या मध्यभागी उभे आहेत.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. जुनी मिल १९४९ साली बंद पडली तेव्हा तिच्यासाठी संसदेला १९५० साली स्वतंत्र कायदा करावा लागला आणि त्या कायद्याला दिलेले आव्हान थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. घटनेतील मूलभूत हक्कांवरील अगदी पहिल्या काही खटल्यांपैकी एक खटला सोलापूरच्या गिरणीचा आहे, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, सोलापूरकरांना क्वचितच. पुढील काही दशकांत गिरण्या एकामागून एक कायमच्या थंडावल्या. भोंगे बंद झाले. माग मात्र बंद झाले नाहीत. ते पूर्व भागातील गल्ल्यांमध्ये, घरांच्या पुढच्या खोल्यांमध्ये आणि नंतर अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत खडखडत राहिले. एका चादरीमागे सूत रंगवणारा असतो, वहिफणी करणारा असतो, कांड्या भरणारी बाई असते, मागावरचा कामगार असतो, कडा शिवणारी, घडी घालणारी असते. एक चादर विकली जाते तेव्हा पाचसात घरांच्या चुलीत लाकूड पडते.

या सगळ्या मेहनतीला मिळालेली सरकारी ओळख म्हणजे भौगोलिक मानांकन. सोलापूर जिल्हा यंत्रमागधारक संघाने खटपट केली आणि देशात हा कायदा अमलात आल्यानंतरच्या पहिल्या मोजक्या नोंदींमध्ये ‘सोलापुरी चादर’ आणि ‘सोलापुरी टेरी टॉवेल’ ही दोन नावे लागली. पण कागदावरचे संरक्षण बाजारात कितपत उतरले? पानिपतच्या बाजूने येणारा स्वस्त माल ‘सोलापुरी’ या नावाने देशभर विकला जातो, ही येथील उत्पादकांची जुनी तक्रार आहे. ग्राहकाला फरक कळत नाही आणि दुकानदाराला तो सांगण्यात स्वारस्य नसते. वास्तविक फरक ओळखणे फार अवघड नाही. अस्सल चादरीची नक्षी जकार्ड मागावर विणीतच उतरलेली असते. मोर असो वा कमळ, ते उलट बाजूलाही तितकेच स्पष्ट दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. वरून छापलेली नक्षी मागून फिकट पडते. हे पारखायला चादर हातात घ्यावी लागते, उलटी करून पाहावी लागते, बोटांत तिचा पोत चाचपावा लागतो. पडद्यावरच्या छायाचित्रात मोर दोन्हीकडून सारखाच सुंदर दिसतो!

येथे मुद्दा भावनेचा नाही, व्यवहाराचा आहे. केवळ ‘आपले’ म्हणून महागडे घ्या, असे मध्यमवर्गीय कुटुंबाला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि तसे सांगून कोणी ऐकतही नाही. सोलापूरची गोष्ट त्याहून सोपी आहे, कारण येथील माल स्वस्त आहे. हजार रुपयांच्या आत उत्तम चादर मिळते, त्याहून कितीतरी कमी पैशांत टॉवेल आणि नॅपकिनचा संच मिळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना झाली, तेव्हा अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवरचा कर ५ टक्क्यांवर आला, त्याचाही लाभ ग्राहकाला मिळू शकतो. कापडापलीकडेही द्यायला पुष्कळ आहे. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी यांची पुडी पुण्या-मुंबईच्या सोलापूरकराला जेवढा आनंद देते तेवढा कोणताही परदेशी चॉकलेटचा डबा देत नाही. २०१६ साली मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी आहे, सोलापूरचे डाळिंब आहे. बचत गटांच्या भगिनींनी केलेला फराळ आहे. यातील प्रत्येक वस्तूची किंमत खिशाला झेपणारी आहे आणि प्रत्येकीमागे जिल्ह्यातील एखादे घर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुराने माढा आणि मोहोळ तालुक्यांतील शेते ऐन दिवाळीच्या तोंडावर वाहून गेली. त्या काळात मदतीचे ट्रक भरणारे हात समाजात कमी नव्हते, आणि ते कौतुकास्पदच आहे. पण संकट ओसरल्यावर त्याच तालुक्यातील डाळिंबाची पेटी विकत घेणे ही सुद्धा मदतच असते आणि तीत घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

मग अडते कोठे? उत्तर ऐकायला फारच किरकोळ वाटेल. ते बसस्थानकावर अडते.

सोलापूरची बाजारपेठ ही चालत फिरण्याची बाजारपेठ आहे. नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती, चाटी गल्ली, मंगळवार पेठ, कुंभार वेस, हे सारे एकमेकांना लागून आहे. जुन्या मराठीत चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. गल्लीचे नावच सांगते की येथे काय विकत असत. पणत्यांपासून पैठणीपर्यंत सर्व काही दीड-दोन किलोमीटरच्या परिघात मिळते. या गल्ल्या बैलगाडीच्या काळातल्या आहेत. दिवाळीच्या आठवड्यात तेथे एक चारचाकी शिरली की मागे पन्नास माणसे खोळंबतात. पण शहर आता या गल्ल्यांत राहत नाही. ते जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता असे चहूबाजूंनी पसरले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार होती, आज ती नक्कीच अधिक असणार. माणसे कडेला गेली, बाजार मध्यभागी राहिला. या दोहोंना जोडणारा धागा म्हणजे महापालिकेची सिटी बस, आणि तोच धागा तुटत आला आहे.

केंद्र शासनाच्या नागरी सेवांच्या मानदंडानुसार दर एक लाख लोकसंख्येमागे ६० बस असल्या, तर त्या शहराची सेवा उत्तम म्हणायची. त्या हिशेबाने जुन्या जनगणनेच्या आकड्यावरही सोलापूरला ५७० बस लागतील. प्रत्यक्षात रस्त्यावर धावणाऱ्या बसची संख्या त्याच्या जवळपासही फिरकत नाही. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून मागे या शहराला नव्या बस मिळाल्या होत्या. त्यांतील कित्येक चेसीला तडे गेल्याने आगारातच उभ्या राहिल्या, वाद न्यायालयात गेला आणि प्रवासी थांब्यावरच राहिला. दोष कोणाचा याचा निवाडा करणारी यंत्रणा वेगळी आहे. परंतु ज्या शहरात बस गंजत उभी राहते आणि त्याबद्दल एकही मोर्चा निघत नाही, त्या शहरातील बोलक्या वर्गाने बस हा विषय मनातून केव्हाच काढून टाकलेला आहे, एवढे निश्चित. ज्याच्या दारात दुचाकी आहे त्याला बसची उणीव भासत नाही. ज्याला भासते त्याचा आवाज वृत्तपत्रापर्यंत पोहोचत नाही.

हा आवाज कोणाचा, हे कुंभारीला गेल्यावर कळते. शहराबाहेर अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला कुंभारीच्या माळावर असंघटित कामगारांची रे नगर वसाहत उभी राहिली. ३० हजार घरांच्या या प्रकल्पातील १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. विडी वळणाऱ्या भगिनी, यंत्रमागावरचे कामगार, कपडे शिवणारे. ज्यांनी उभे आयुष्य भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत काढले त्यांना स्वतःचे पक्के छप्पर मिळाले, ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र काम शहरात, बाजार शहरात आणि घर माळावर, अशी विभागणी झाली की प्रवास हा घरखर्चातील नवा रकाना होतो. समजा, एका विणकराच्या कुटुंबाला दिवाळीच्या बोनसमधून बाराशे रुपयांची खरेदी करायची आहे. माणसे चार. बस असली तर जाण्यायेण्याचा खर्च हिशेबात धरण्याइतका होत नाही. बस नसली आणि रिक्षाला दोन-अडीचशे मोजावे लागले, तर खरेदीचा पाचवा भाग रस्त्यावरच संपला. धाकट्या मुलीचा फ्रॉक त्या रिक्षाच्या भाड्यात गेला. यातला सर्वांत बोचणारा भाग असा की जी चादर या घरातील कर्त्या पुरुषाने आपल्या हातांनी विणली, ती बाजारातून विकत आणून बहिणीला देणे त्याला अवघड व्हावे.

अशा कामगाराच्या आयुष्यातील जोखीम किती, हे १८ मे २०२५ रोजी शहराने पाहिले. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि ८ जणांचा जीव गेला. त्यात मालकाच्या घरची माणसे होती आणि कामगारही होते. त्या दिवशी हळहळलेल्या किती जणांनी नंतरच्या दिवाळीत टॉवेल घेताना तो कोठे विणला गेला हे पाहिले असेल?

बाहेरगावाहून येणाऱ्यांची कथा तुलनेने बरी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून तालुक्याचा माणूस लाल गाडीनेच शहराच्या बाजाराला येत आला आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. जानेवारी २०२५ मध्ये भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले, तरी मोहोळ, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटच्या सासवा-सुना अर्ध्या तिकिटात सोलापूरला येऊन दिवाळीचा बाजार करून संध्याकाळी घरी परततात. त्याच वर्षी दिवाळीच्या हंगामासाठी जाहीर झालेली १० टक्के वाढ लोकभावना पाहून मागे घेण्यात आली, हेही योग्यच झाले. सीमेपलीकडची तऱ्हा वेगळी. इंडी, आळंद, अफझलपूर या भागांतील कुटुंबांची पिढ्यान्पिढ्यांची पेठ सोलापूरच. नवी पेठेतील एकाच दुकानात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत घासाघीस चाललेली ऐकू येते आणि दुकानदार तिन्हीत सारखाच न वाकता उत्तर देतो. जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना राज्याच्या बसमधून विनामूल्य प्रवास आहे, परंतु तो त्यांच्या राज्याच्या हद्दीपर्यंत. आमची अर्ध्या तिकिटाची सवलतही आमच्या हद्दीपर्यंतच. प्रांतांच्या रेषा नकाशावर असतात, बाजाराला त्या ठाऊक नसतात. असो.

गंमत अशी की तालुक्याहून तीस-चाळीस किलोमीटर आलेली बाई एस.टी. स्थानकावर सुखरूप उतरते आणि तेथून पुढच्या दोन-तीन किलोमीटरसाठी तिची खरी परवड सुरू होते. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत गाडी सोलापूरला येते. त्या गाडीतून दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीलाही रेल्वे स्थानकाबाहेर पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न तोच पडतो.

सगळा दोष महापालिकेच्या माथी मारून मोकळे होणे सोयीचे आहे, पण प्रामाणिक नाही. व्यापाऱ्यांनीही आरशात पाहायला हवे. घेतलेली वस्तू परत घेताना कपाळावर आठ्या, किमतीच्या चिठ्ठीचा अभाव, गिऱ्हाईक पाहून दर सांगण्याची खोड, बिल मागितले की ‘कशाला पाहिजे’ असा सूर; घरबसल्या खरेदीकडे ग्राहक वळला तो केवळ आळसापोटी नव्हे. तेथे भाव लिहिलेला असतो आणि न आवडलेली वस्तू वाद न घालता परत जाते. चादरीच्या उत्पादकांनीही नव्या पिढीची घरे पाहिली आहेत काय? लहान सदनिका, फिकट रंगांच्या भिंती, धुलाईयंत्र. त्या घरात शोभेल, यंत्रात सहज धुतली जाईल अशी हलकी चादर, भेट देता येईल अशा देखण्या पेटीत, काही मोजक्या उत्पादकांनी आणली आहे. बाकीच्यांचा मोर अजून त्याच पारदर्शक पिशवीत बसलेला आहे. दुकानापुढे मोटार लावायला जागा हवी, हा व्यापारी संघटनांचा नेहमीचा आग्रह. पण एक मोटार जेवढी जागा अडवते तेवढ्या जागेत आठ-दहा गिऱ्हाइके उभी राहू शकतात आणि ती सारी एका बसमधून येऊ शकतात, हा हिशेब रोज गल्ला मोजणाऱ्यांना सांगावा लागावा, याचे नवल वाटते. बस ही दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत गिऱ्हाईक आणून सोडणारी गाडी आहे. तिच्यासाठी आग्रह धरण्यात व्यापाऱ्याचा स्वार्थ आहे आणि तो स्वार्थ मुळीच वाईट नाही.

आणि स्वदेशीचा उद्घोष करणारे आपण? १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, त्याच स्वदेशीच्या लाटेत पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. त्या पिढीला ठाऊक होते की होळी एका रात्रीत विझते, कारखाना चालवावा लागतो. आज व्यासपीठावरून स्वदेशीचे भाषण करून घरी आलेला कार्यकर्ता त्याच रात्री भ्रमणध्वनीवर भाच्याची भेट मागवतो, तेव्हा त्याला ढोंगी ठरवण्याचे कारण नाही. त्याला वेळ नसतो, बाजारात गाडी लावायला जागा नसते आणि बस केव्हा येईल हे कोणीच सांगू शकत नाही. हीच अडचण सोडवणे हे आजच्या काळातील स्वदेशीचे काम आहे. ते दिखाऊ नाही. त्याची छायाचित्रे चांगली येत नाहीत.

काम फार मोठेही नाही. दिवाळीच्या आधीचे दहा-बारा दिवस जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता आणि कुंभारी येथून बाजारपेठेपर्यंत ठरलेल्या वेळी बाजार-बस सोडता येतील. महापालिकेकडे गाड्या कमी असतील तर त्या दिवसांपुरत्या शाळांना सुट्टी असल्याने रिकाम्या उभ्या असलेल्या शालेय बस भाड्याने घेता येतील काय, याचा परिवहन अधिकाऱ्यांसमवेत बसून विचार करता येईल. खर्चाचा काही वाटा व्यापारी संघटनांनी उचलावा. दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहतात, म्हणून शेवटची बस दुकाने बंद झाल्यावर सुटावी. नाहीतर दिवसभर मागावर उभा राहिलेला कामगार खरेदीला येणार तरी केव्हा? ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली, तिच्या लाभार्थी शहरांत सोलापूरचे नाव आहे. त्या बस कोणत्या मार्गांवर धावाव्यात हे ठरताना पूर्व भाग आणि कुंभारी यांना अग्रक्रम मिळावा, यासाठी वस्तीवस्तीतील सूचना लेखी स्वरूपात पालिकेकडे गेल्या पाहिजेत. ज्या वस्त्यांमध्ये संपर्काचे काम नित्य चालते तेथील कार्यकर्त्यांनी घरोघर विचारून एका कागदावर एवढेच लिहून आणावे की बाजाराला जाण्यासाठी किती वाजता गाडी हवी आणि परतीची किती वाजता. हा कागद तयार करायला दिवाळीची वाट पाहण्याची गरज नाही. मकरसंक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, होम मैदानावर कित्येक दिवस खेळणी, बांगड्या, भांडी यांची दुकाने लागतात आणि सारे शहर लेकराबाळांसह तेथे लोटते. बाजार-बसचा पहिला प्रयोग त्या यात्रेत करून पाहता येईल.